रामभाऊंच्या गाडीचं इंजिन

त्या वर्षी आमच्या घरातल्या भाकरीलासुद्धा डिझेलचा वास येत असे. पीठ मळायला बसण्याआधी आई राखेने हात घासायची, मग लिंबाच्या सालीने घासायची, नाकाशी नेऊन हुंगायची आणि तोंड वाकडं करून पुन्हा घासायची. तिने स्वतः इंजिनाला बोटही लावलेलं नसे. पण आबा आणि दादा जेवायला आत यायचे, दाराची कडी, पाण्याचा तांब्या, मिठाची बरणी, सगळ्याला हात लावायचे, आणि तो वास घरभर फिरत राहायचा. मला तो वास तेव्हा आवडायचा, हे आज सांगताना बरं वाटत नाही. कितीतरी महिने आमच्या घरात कसलाच वास नव्हता. कांदा परतल्याचा नव्हता, सुकट भाजल्याचा नव्हता. निदान काहीतरी चाललं आहे, असं त्या वासाने वाटायचं.

पिंपळे गुरव तेव्हा गावच होतं. मी आता रावेतला मुलाकडे राहते. बाराव्या मजल्यावरच्या बाल्कनीतून पाहताना नातीला सांगते, की आमच्या दारापासून नदीपर्यंत नुसती ज्वारी होती, तर ती मोबाइलमधून डोकं वर न काढता ‘हो का’ म्हणते. आमची वस्ती गावाच्या कडेला, बौद्धांची पंधरावीस घरं. आमचं घर दोन खोल्यांचं, वर पत्रा, भिंतीवर बुद्धाची तसबीर, पुढे मोठं अंगण आणि त्यात एक बोरीचं झाड. नदीपलीकडून कंपन्यांचे भोंगे ऐकू यायचे. वस्तीतल्या बायकांना कुणाचा भोंगा कोणता ते पाठ होतं, आणि चुलीवर काय कधी चढवायचं ते त्यावरच ठरायचं. आबांच्या कंपनीचा भोंगा भोसरीकडून, वारा तिकडचा असला तरच यायचा. आवाज जाडा, आणि शेवटी घसा बसल्यासारखा. आबांचं काम गेल्यावरही तो आला की आईचा हात क्षणभर थांबायचा.

आबा त्या कंपनीत गाड्यांच्या शेडवर मिस्त्री होते. गावोगावच्या कामगारांना आणणाऱ्या गाड्या, मालाचे ट्रक, साहेबांच्या मोटारी, सगळ्यांची दुरुस्ती त्यांच्याकडे. मग संप झाला. तो लांबला, फिसकटला, आणि परत घेतलेल्या माणसांत आबा नव्हते. पुढचे काही महिने ते सकाळी उठून आंघोळ करून, कपडे घालून, अंगणात खाटेवर बसायचे. कुठे जायचं नसताना माणूस इतका नीटनेटका बसलेला मी त्याआधी पाहिला नव्हता. माझा मोठा भाऊ, आमचा दादा, आयटीआय करून फिटर झालेला. पण त्याला कुठे कायम करत नव्हते. कंपनीत लावायचे, काही महिन्यांनी ब्रेक द्यायचे, पुन्हा दुसऱ्या गेटवर उभं राहायचं. मी नुकतीच मॅट्रिक झाले होते आणि घरी बसले होते.

अशात आबांनी ती पिकअप गाडी आणली. लष्कराच्या लिलावातून कुणीतरी घेतलेली, त्याने आणखी कुणाला विकलेली, आणि शेवटी खडकीच्या एका माणसाच्या परसात कोंबड्यांचं खुराडं झालेली. आबांनी ती चालती केली. चाकणच्या बाजारातून कांदा-बटाटा भरायचा आणि पुण्याच्या मंडईत टाकायचा, असा बेत होता. वर्षभर तो बेत चाललाही. पण गाडीचं इंजिन पेट्रोलचं, जुनं आणि खादाड. आधी त्याने सगळी कमाई पिऊन टाकली आणि मग एका चढावर जे बंद पडलं ते कायमचं. बैल जुंपून गाडी घरी आणावी लागली. बोरीखाली ती उभी राहिली आणि कोंबड्या पुन्हा तिच्यात अंडी घालायला लागल्या.

डिझेल इंजिन बसवायचं दादाच्या डोक्यातून निघालं. त्या काळात खूप जण तसं करत होते. “मला आता कुणाच्या गेटवर हुबं ऱ्हायचं न्हाई,” तो आईला म्हणाला. “गाडी चालली तर मी राजा.” कासारवाडीच्या एका भंगारवाल्याकडे त्याने एक डिझेल इंजिन हेरून ठेवलं होतं. ते बैलगाडीतून आलं. वस्तीतल्या चारपाच जणांनी दोरखंड लावून ते अंगणात उतरवलं, आणि आबांनी गोणपाट काढून त्याच्यावरून हात फिरवला. बाजार करताना म्हशीवरून फिरवतात तसा. हात फिरत फिरत खाली तेलाच्या टाकीशी गेला आणि तिथे थांबला. टाकीच्या बुडाला एक चीर होती आणि ती पितळेने जोडलेली होती. आबांनी बोटाने तो जोड पुन्हा पुन्हा चाचपला. मग हात धुवायला गेले.

जेवताना ते म्हणाले, “त्यो जोड माझ्या हातचा हाय. रामभाऊच्या गाडीचं इंजिन हाय त्ये.”

आई वाढत होती. तिने हातातली भाकरी परत टोपलीत ठेवली.

रामभाऊ कोण ते सांगायला हवं. ते कुरुळीचे, चाकणच्या अलीकडचं ते गाव. शेतकरी घरातले, पण जमीन तुटपुंजी म्हणून कंपनीत ड्रायव्हर झालेले. त्या बाजूच्या गावांतले कामगार भोसरीला आणायचे आणि शिफ्ट सुटली की परत सोडायचे, हे त्यांचं काम. उंच, काळेसावळे, हसले की पुढचा तुटका दात दिसायचा. आबांची आणि त्यांची दोस्ती शेडमध्ये जमली. पहिल्यांदा ते आमच्या घरी आले तेव्हा आईने कपाटातला काचेचा नवा ग्लास काढला आणि चहा द्यावा की नको म्हणून दारात उभी राहिली. वरच्या गावातला माणूस आमच्याकडे पाणी पिईल की नाही, हा तिचा प्रश्न. रामभाऊंनी तिच्या हातून ग्लास घेतला, चहा प्यायले आणि विचारलं, “वैनी, आत कायतरी भाजताय न्हवं? बोंबील हायेत का?” त्या दिवशी ते बोंबलाची चटणी आणि भाकरी खाऊन गेले. नंतर कितीदा तरी आले. येताना शेतातले कांदे आणायचे, मला शकूताई म्हणायचे, आणि जाताना वस्तीतल्या पोरांसाठी गाडीचा हॉर्न वाजवायचे.

एका सकाळी रात्रपाळीची माणसं परत सोडायला जाताना मोशीच्या उतारावर, इंद्रायणीच्या पुलाच्या अलीकडे, त्यांची गाडी रस्ता सोडून खाली गेली. रामभाऊ गेले. त्यांच्याच गावचे दोन कामगार गेले. बाकीचे हातपाय मोडून घेऊन वाचले. कुणीतरी म्हणालं, दारूचा वास येत होता. कोण म्हणालं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पण गाडी इतकी पिसाळल्यासारखी कशी पळाली याला दुसरं कारणही दिसत नव्हतं, म्हणून तेच सगळ्यांनी धरलं. आबा घरात म्हणायचे, “रामभाऊ पीत न्हवता.” बाहेर त्यांना कुणी विचारलं नाही. पुढे गाडी भंगारात गेली, संप झाला, आणि आमचेच हाल सुरू झाले.

“माणसं खाल्लेलं इंजिन माझ्या दारात नको,” आई म्हणाली.

“आई, लोखंड हाय त्ये,” दादा म्हणाला. “लोखंडाला काय कळतंय?”

आबांनी पाण्याचा घोट घेतला. “इंजिन चांगलं हाय. रामभाऊनं पोरासारखं संबाळलं हुतं. आपल्याकडं आलंय तर चालू दे.” मला वाटतं, त्यांना त्यात थोडा आनंदही झाला होता. मित्राची काहीतरी वस्तू घरी आली, असा.

मग काम सुरू झालं, आणि खोटं का बोलू, ते दिवस घरात बरे गेले. तीन बल्ल्या वर एकत्र बांधून तिपाई उभी केली, तिला उसनी आणलेली चेनपुली टांगली, आणि जुनं इंजिन साखळीच्या कटकट आवाजात गाडीच्या पोटातून वर आलं. ते हवेत लोंबकळत होतं तेव्हा अख्खी वस्ती बघत उभी होती. नवं इंजिन लांबीला जास्त आणि वजनाला फार भारी. ते बसेना. आडवी पट्टी कापावी लागली, रेडिएटर पुढे सरकवावा लागला, इंजिन ज्यावर टेकतं ती फाउंडेशनं नवी करावी लागली. दिवसभर करवतीचा तो दातांवर येणारा आवाज, मधूनच हातोडा, आणि त्यात आबा-दादाची वादावादी. “इकडून धर. अरं, इकडून म्हंतोय ना!” कित्येक महिन्यांनी आबांचा आवाज घरात मोठा झाला होता. आई बडबडत राहिली. पण मटकीला मोड आणून ठेवायची, आणि उसळीत तेल जरा सैल हाताने घालायची. इंजिन बसलं तेव्हा बोनेट बंद होईना. दादा म्हणाला, उघडंच ठेवू, वारा लागेल. त्यावर आबा मोठ्याने हसले. त्यांचं तसं हसणं मी त्यानंतर ऐकलं नाही.

इंजिन जागेवर बसल्यावर डिझेलचा पंप तेवढा राहिला होता. पंप म्हणजे इंजिनाला किती डिझेल द्यायचं ते ठरवणारा भाग. तो गंजला असेल, उघडून साफ करू, म्हणून आबा दुपारी बोरीखाली पोतं टाकून बसले. दादा चेसीखाली नळ्या जोडत होता. मी आणि आई पडवीत तांदूळ निवडत होतो. पान्यांची खुडबूड चालू होती आणि ती थांबली. आधी काही वाटलं नाही. मग थांबलेलीच राहिली. आईने मान वर करून पाहिलं आणि मला म्हणाली, “जा गं, बघ.”

आबांच्या तळहातावर तारेच्या स्प्रिंगचा एक तुकडा होता. करंगळीच्या पेराएवढा. दुसरा तुकडा पंपाच्या पोटात अजून अडकलेला होता, आणि ते एकटक त्याच्याकडे बघत होते. मी हाक मारली, ती त्यांना ऐकू गेली नाही. दादा सरपटत गाडीखालून बाहेर आला.

“काय झालं?”

“ही बघ.” आबांनी बोटाने दाखवलं. “ही दांडी पुढं सरकली का डिझेल वाढतं. पाय काढला का स्प्रिंग तिला मागं वढती. स्प्रिंग मोडली. तुकडा हितं फसला. दांडी पुढंच ऱ्हायली.”

दादाने वाकून पाहिलं. त्याला लगेच कळलं. “म्हंजे पाय काढला तरी…”

“पाय काढला तरी गाडी पळतच ऱ्हानार. बंद करायची दोरी वढली तरी न्हाई. वळणाव, उतारावर. क्लच दाबून बिरेक मारायचं सुचलं असंल, नसंल. गडबडीत माणसाला किती सुचनार?”

“मग रामभाऊ प्याला न्हवता,” मी म्हणाले. मला वाटलं, ही चांगली बातमी आहे.

आबा माझ्याकडे बघून म्हणाले, “ही स्प्रिंग कंपनीची न्हाई, शकू. मी वळलीया. पहिली ढिली झाली हुती. स्टोअरात मागितली, म्हनले याला टाइम लागंल. गाडी दुसऱ्या दिशी सकाळी पायजेल हुती. मी तार घेतली आन वळली. रामभाऊ शेजारी बसून तमाखू मळत हुता. म्हनला, मिस्त्री, तुमच्या हाताला काय बी जमतं.”

दादाने त्यांच्या हातातून तो तुकडा घेतला. नीट पाहिला. मग हळू आवाजात, शेजारी ऐकू जाणार नाही असं, म्हणाला, “नदीत टाकून येतो. दुसरा पंप आनू. हे फकस्त आपल्या तिघांना म्हाईत हाय.”

“दे हिकडं,” आबा म्हणाले.

त्या दिवशी चूल पेटली. पण कुणी नीट जेवलं नाही. आबा कुरुळीला जायचं म्हणत होते. आई आधी समजावत होती, मग रडायला लागली. “काय सांगनार जाऊन? तुमचा माणूस मी मारला म्हनून?” आबा म्हणाले, “व्हय.” दादा भिंतीला टेकून उभा होता. त्याचा राग वेगळा होता, आणि आज मला तो खोटा वाटत नाही. तो म्हणाला, “आबा, तुमी कोन, त्ये कोन, इचार करा. आपला माणूस त्यांच्या गावात जाऊन सांगनार, का तुमची माणसं माझ्या हातनं गेली. तिथनं परत याल का? आन आलात तर चाकणच्या बाजारात माझी गाडी कोन हुबी करू देईल?” आबांनी ते तुकडे रुमालात बांधले. “रामभाऊच्या बायकूला गावात कुणी पाणी भरू देत न्हाई,” ते एवढंच म्हणाले. “मला म्हाईत हुतं. आयकलं हुतं मी.”

“गेलात तर मी ह्या घरात ऱ्हानार न्हाई,” दादा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा निघाले. आईने माझ्या पिशवीत भाकरी बांधून दिली आणि दाराआड मला धरून म्हणाली, “त्यांना येकटं सोडू नगंस. पुलाव तर आजिबात न्हाई.” तिला कशाची भीती वाटते आहे ते मला तेव्हाच कळलं, आणि मी लहान राहिले नाही.

नाशिक फाट्यावर एसटी मिळाली. मोशीचा उतार आला तेव्हा आबांनी डोळे मिटले नाहीत. खिडकीतून नीट पाहत राहिले. आज तो रस्ता इतका रुंद झाला आहे, की उतार होता हेसुद्धा कळत नाही. मी मात्र तिथे आल्यावर अजून पुढच्या सीटची दांडी धरते. कुरुळीला उतरून घर विचारलं तर एका माणसाने तोंडाने न सांगता हनुवटीने दिशा दाखवली. घर गावाच्या शेवटी होतं. रामभाऊंची बायको, शांताबाई, दारात शेणी थापत होती. तिने आबांना ओळखलं, नवऱ्याच्या तोंडून वर्णन ऐकलं असावं. “मिस्त्री व्हय? या की,” म्हणत हात धुतले, पाणी आणलं. शाळेत जाणारा तिचा मुलगा दारातून डोकावून आत गेला.

आबांनी पाणी घेतलं नाही. ओट्यावर रुमाल सोडला आणि ते दोन तुकडे ठेवले. मग सगळं सांगितलं. कुठे थांबले नाहीत, कुठे स्वतःला सांभाळून घेतलं नाही. स्टोअरने स्प्रिंग दिली नाही हेसुद्धा त्यांनी सांगितलं नाही. ते मला खटकलं. मी मध्ये बोलायला गेले, तर त्यांनी हाताने गप्प केलं.

शांताबाई उकिडवी बसून ऐकत होती. शेवटपर्यंत तिच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. मग तिने विचारलं, “हे चावडीव सांगाल का?”

“सांगीन.”

ती उठली, पदर डोक्यावरून घेतला आणि पुढे चालायला लागली. आम्ही मागे.

चावडीवर म्हातारी माणसं बसलेली होती, आणखी काही जमली. माझे आजोबा असल्या चावडीच्या पायरीखाली हात जोडून उभे राहायचे, हे मी आबांकडूनच ऐकलं होतं. आबा पायरीखालीच थांबले. कुणी वर या म्हणालं नाही. गेलेल्या दोन कामगारांपैकी एकाचे वडील तिथे होते, सगळे त्यांना नाना म्हणत होते. आबांनी त्यांच्याकडे बघून सगळं पुन्हा सांगितलं. “रामभाऊ प्यालेला न्हवता. चूक माझी हाय.”

नानांनी हात पुढे केला. आबांनी तुकडे त्यांच्या हातावर ठेवले. म्हाताऱ्याला जवळचं दिसत नसावं. त्यांनी हात लांब धरला, पुन्हा जवळ आणला, बोटाने चाचपलं.

“येवढंच?” ते म्हणाले.

“येवढंच,” आबा म्हणाले.

मागून एक तरणा माणूस उठला. “असल्यांच्या हातात गाड्या दिल्याव दुसरं काय व्हनार?” असल्यांच्या म्हणजे कुणाच्या, ते तिथे प्रत्येकाला कळलं, मलाही कळलं. आणखी दोघे उभे राहिले. मी आबांचा सदरा मागून धरला. पण नानांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांनी तुकडे आबांना परत दिले, दोन्ही हातांनी, काही सांडू नये अशा बेताने, आणि म्हणाले, “जावा आता.”

शांताबाई एका बाजूला उभी होती. तिच्याकडे कुणी वळून पाहिलं नाही. ये, बस, असं कुणी म्हणालं नाही. मला वाटलं होतं, आता गाव तिची माफी मागेल. कुणी नुसतं खाकरलं, कुणी विडी पेटवली, आणि आम्ही चालायला लागलो तेव्हा ती आपल्या घराच्या वाटेला लागली होती.

रस्त्यावर येऊन आबा एका दगडावर बसले. मी भाकरी पुढे केली. त्यांनी तुकडा मोडला, तोंडात घातला आणि बराच वेळ चावत राहिले. पण गिळता येईना. शेवटी बाजूला वळून थुंकून टाकला. एसटी आली, ती आम्ही जाऊ दिली. दुसरीही जाऊ दिली.

दादाने घर सोडलं नाही. निदान तेव्हा नाही. त्याने भंगारातून दुसरा पंप मिळवला, एकट्याने बसवला, आणि एका सकाळी ते इंजिन सुरू झालं. सगळं अंगण हादरलं, पत्रा थरथरला, बोरीची पिकली बोरं टपाटप खाली पडली. वस्तीतली पोरं ओरडत धावली. आई दारात आली. आबा आत खाटेवर होते. ते बाहेर आले नाहीत. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

गाडी चाकणला गेली आणि रिकामी परत आली. बोलणं आमच्या आधी तिथे पोचलं होतं. एका शेतकऱ्याने कांद्याची पोती चढवली होती. कुणीतरी कानाला लागलं, तशी त्याने ती उतरवून घेतली. दादाने चारदोन आठवडे दम काढला. मग आईला म्हणाला, “ह्या बाजूला मला कोन हुबं करत न्हाई. सोलापूरकडं जातो, तिथं माझी वळख न्हाई.” गाडी घेऊन तो गेला. आईला आणि मला तो येऊन भेटायचा, दिवाळीला लुगडं आणायचा. आबांना ‘बरं हाय न्हवं?’ एवढं विचारायचा, आणि उत्तर यायच्या आत दुसऱ्या खोलीत जायचा. तिकडेच त्याने लग्न केलं, घर केलं. आबांनी त्यानंतर पाना हातात धरला नाही. वस्तीत कुणाची सायकल बिघडली तरी ‘दुसरीकडं दाखव’ म्हणायचे. एका गोदामावर राखणदार म्हणून लागले. दिवसभर बंद दारापुढे स्टुलावर बसून राहायचं, एवढंच काम. सांगून टाकल्यावर माणूस हलका होतो म्हणतात. माझे वडील हलके झाले नाहीत. ते आधी दोन माणसांएवढं बोलायचे, नंतर अर्ध्या माणसाएवढं बोलत राहिले, आणि मी सासरी गेल्यावर काही वर्षांतच एका दुखण्यात गेले. दादा पोचला तेव्हा सगळं उरकलं होतं.

आबांच्या जलदान विधीच्या दिवशी, वंदना झाली, लोक जेवून पांगले, आणि मी अंगणात भांडी गोळा करत होते. तेव्हा एक बाई बोरीखाली येऊन उभी राहिली. केस पिकलेले, हातात कापडी पिशवी. मी तिला ओळखलं नाही. तिनेच नाव सांगितलं. कुरुळीहून एकटी आली होती. कसं कळलं, ते मी विचारलं नाही. मी पाट मांडला, ताट वाढलं. ती आमच्या घरात बसून जेवली. भात, वरण, वांग्याची भाजी, सगळं सावकाश, ताट पुसून. मग पाणी प्यायली आणि माझ्याकडे न बघता बोलली.

“त्ये प्यालेलेच हुते, आसं मी बी समजत हुते. येवढी वर्सं. लोक शिव्या द्यायचे त्या आयकत हुते, आन घरात येऊन मी बी देत हुते. पोराम्होरं द्यायचे. येकदा बी रडले न्हाई मी त्येंच्यासाठी. तुझ्या बापानं येऊन सांगितलं, त्या दिशी पयल्यांदा रडले.”

ती माझे वडील गेले म्हणून सांत्वन करत होती, की त्यांनी तिला कुठे नेऊन सोडलं त्याची तक्रार करत होती, हे मला कळलं नाही. विचारावं असं फार वाटलं. पण तिने पिशवी उचलली होती. मी तिला स्टॉपपर्यंत सोडायला गेले. बस येताना दिसली तेव्हा तिने विचारलं, “त्ये इंजिन कुटं हाय?”

“दादाकडं. सोलापूरला.”

“चालतंय?”

“चालतंय.”

तिने मान हलवली, पदर खोचला आणि बसमध्ये चढली. माझ्या बाजूच्या खिडकीशी जागा होती. पण ती पलीकडच्या बाजूला जाऊन बसली.